मैलाच्या दगडाचा शेंदूर

रविवार, १२ ऑक्टोबर, अ‍ॅशबर्न

खांदे भरून आलेत. सुट्टीची अख्खी दुपार रस्त्याकडेचा एक दगड घासण्यात गेली. नखांत शेंदूर अजून आहेच.

आई साताऱ्याहून येऊन दोन महिने झाले. रोज वॉकला जाताना तिला तो जुना मैलाचा दगड दिसायचा. गुरुवारी तिने त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला, वर एक फूल ठेवलं. मला आज कळलं, तेही फ्रँककडून. इथले असे जुने दगड जपणारी चार-पाच म्हातारी माणसं आहेत, त्यांतला हा एक. ब्रश आणि बादली घेऊनच दारात उभा. रागावला असता तर बरं झालं असतं.

आईही आली आमच्याबरोबर. घासता घासता फ्रँक सांगत होता, त्याचे पणजोबा घोडागाडी घेऊन इथून जाताना खाली उतरून या दगडाला हात लावायचे. नाहीतर पुढे चाक मोडतं म्हणे. मी ते आईला मराठीत सांगितलं.

ती म्हणाली, "मग मी वेगळं काय केलं?"

फ्रँकने विचारलं, काय म्हणतायत?

मी म्हणालो, "शी इज सॉरी."

का म्हणालो तसं? थकलो होतो म्हणून? आत्ता तिसऱ्यांदा हात धुतले, नखांतला शेंदूर काही निघत नाही.

आईला इंग्रजी येत नाही. पण सॉरी कळतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.