दहा वर्षांचा नियम रद्द केल्याबद्दल

मी, भरमू सातेरी पावशे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इतिहास प्राध्यापक, राहणार उचगाव, तालुका बेळगाव, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. शुद्धीवर असल्याचा दाखला डॉ. प्रियदर्शनी यांनी जोडला आहे. 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितलं होतं, ते मी खोडलं. दडपण आहे. गेला महिनाभर मला अन्न गोड लागत नाही. कुठे कन्नड प्रत लागली तर ती वकील करून घेतील. मूळ कागद मराठीतच राहील, कारण ज्या एका माणसानं तो वाचावा म्हणून मी लिहितो आहे, ती माझ्याशी मराठीत भांडायची.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे मागचं रद्द करायचा प्रश्न नाही. रद्द करायचा एक नियम आहे, तो पुढे येईल.

कलम १. उचगावातलं तीन खोल्यांचं कौलारू घर, मागची विहीर आणि लगतची चौदा गुंठे जमीन माझी एकुलती एक मुलगी वसुधा, शिक्षिका, राहणार निपाणी, हिला मिळावी. पुतण्यांचा यावर हक्क नाही. त्यांनी त्यांचा वाटा केव्हाच विकून खाल्ला. वसुधानं पोटाची तपासणी केल्याचा कागद दाखवल्याशिवाय घराचा ताबा देऊ नये, अशी अट घालायचं माझ्या मनात होतं. वकील म्हणाले, घालता येईल. पण वसुधा घरही लाथाडेल आणि तपासणीही. हा हट्ट तिला माझ्याकडूनच गेलेला आहे. म्हणून अट नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि सगळी पुस्तकं नात ओवी हिला. ती बी.एस्सी.ला आहे आणि महिन्यातून एकदा निपाणीहून बसनं येऊन मला भेटते. तिची आई माझ्याशी तीस वर्षं बोललेली नाही, पण लेकीला अडवत नाही, एवढं तिचं मोठेपण.

कलम ३. पत्र्याची पेटी. हिची हकीकत सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही.

१९७८ पासून निवृत्तीपर्यंत कॉलेजच्या वार्षिकात मी 'नवे आणि त्याआधीचे' हे सदर लिहिलं. शास्त्र कुठलंही असो, त्यात काही नवं निघालं की त्यामागचा शे-दोनशे वर्षांचा रस्ता मी दाखवायचो. नियम एकच होता. नवी गोष्ट दहा वर्षं पेटीत मुरू द्यायची, टिकली तर लिहायचं. ग्रंथालयातले शिपाई मष्णू होनगेकर कात्रणं आणून द्यायचे. मी कोपऱ्यात आजची तारीख आणि उघडायचं साल घालायचो. स्टाफरूममध्ये पेटीला लोणच्याची बरणी म्हणत, आणि मला त्याचा अभिमान होता.

१९८५ साली एक कात्रण आलं. पोटातला व्रण काळजीनं किंवा तिखटानं होत नाही, एका जंतूनं होतो आणि तो जंतू औषधानं मरतो, असं ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांचं म्हणणं होतं. एकानं तर तो जंतू स्वतः पिऊन पाहिला होता. मी हसलो, कोपऱ्यात '१९९५' लिहिलं आणि पेटी बंद केली. त्या वेळी स्वयंपाकघरात माझी बायको मालुबाई गरम पाण्याचा पितळी तांब्या पोटाशी धरून बसली होती. तिला पाच वर्षं व्रण होता. मी तिचं तिखट तोडलं, दूध चालू केलं आणि काळजी करू नको म्हणून सांगत राहिलो. १९९२ च्या मार्गशीर्षात ती पोटातल्या कॅन्सरच्या गाठीनं गेली. तसल्या गाठीमागेही तोच जंतू असतो, हे दोन वर्षांनी जाहीर झालं.

ठरल्या साली मी पेटी उघडली. कात्रण टिकलं होतं. मी व्रणाचा इतिहास लिहिला, जुन्या कल्पनांना चिकटून बसलेल्या डॉक्टरांची त्यात यथेच्छ टिंगल केली. लेखाची वाहवा झाली. मालूचं नाव त्यात नव्हतं. वसुधा तेव्हा वीस वर्षांची. तिनं लेख वाचला, पेटीतून कात्रण काढलं, कोपऱ्यातलं माझं अक्षर पाहिलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, ह्ये आईला दाखवलं व्हतं काय?"

मी नियम समजावून सांगायला लागलो. ती ऐकत थांबली नाही. आईचा तांब्या तेवढा घेऊन सदलग्याला मामाकडे गेली आणि लग्नही तिथूनच झालं. माझी पत्रं न फोडता परत येतात.

मालू वाचलीच असती, असं मी लिहीत नाही. ते औषध तेव्हा इकडे कोणाला ठाऊक होतं की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण विचारता आलं असतं, आणि मी विचारलं नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. ओवी सहज बोलून गेली की आई दुकानातून जळजळीवरचं गुलाबी औषध आणून पिते आणि संध्याकाळी तांब्यात गरम पाणी भरून पोटाशी धरून बसते. हा जंतू एका घरात, एका ताटात पसरतो. वसुधा लहानपणी आईच्या तोंडचा घास खायची. मी त्याच आठवड्यात माझी तपासणी करून घेतली. माझ्यातही तो निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्या घेतल्या, काल संपल्या. फक्त चौदा दिवस. ओवीकडून हे सगळं मी कळवलं. आईचं उत्तर तिनं खाली मान घालून सांगितलं.

"तुझ्या आज्जाला सांग, धा वर्सं थांब म्हणावं. मग बघू."

कलम ४. माझं लाल शाईचं पेन भौतिकशास्त्राचे माजी प्राध्यापक ज्योतिबा यांना द्यावं. त्यांच्या लेखातल्या चुका मी त्यानंच अधोरेखित करायचो. १९८९ साली काचेच्या भांड्यात सूर्याची ताकद उतरल्याची बातमी त्यांनी गरमागरम छापली आणि ती पुढे फुसकी निघाली. यावरून मी त्यांना त्यांच्या निरोप समारंभातही सोडलं नाही. पण ८६ साली आमच्या घरी चहा पिताना यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भरम्या, वैनीस्नी मिरजंला दाखीव. त्या जंतूचं इचारून तरी बघ." मी म्हणालो, पंच्याण्णवला बघू. पेन त्यांनी मोडून टाकलं तरी चालेल.

कलम ५. पेटी ओवीला. आत आज एकशे बारा कात्रणं आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून काढलेली वंशावळ, जळालेल्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या न उलगडता वाचणारं यंत्र, दक्षिणेत सापडलेल्या लोखंडाचं वय, प्रथिनांचे आकार सांगणारा संगणक, रक्ताच्या थेंबातून ओळखू येणारे आजार. ओवीनं ती सगळी बाहेर काढावीत. त्यांचा इतिहास जरूर लिहावा, नवं कुठून आलं हे सांगणारं कोणीतरी लागतंच. पण ज्याचा माणसाच्या जिवाशी संबंध आहे ते आधी डॉक्टरला विचारावं आणि लेख मागाहून लिहावा. दहा वर्षांचा नियम मी आजपासून रद्द करत आहे.

कलम ६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. डॉ. प्रियदर्शनी म्हणतात, माझी प्रकृती पाहता मी अजून दहा वर्षं सहज काढीन. ते ऐकून मला घाम फुटला. म्हणून हा कागद पेटीत ठेवायचा नाही. सहीची दुसरी प्रत मष्णू यांनी आजच निपाणीला नेऊन वसुधाच्या हातात द्यावी. माझं पत्र ती घेत नाही. मृत्युपत्र म्हटल्यावर मी मेलो असं समजून तरी घेईल. मी जिवंत आहे, हे मष्णूंनी तिचं वाचून झाल्यावरच सांगावं.

वसुधा, मला माफ करू नकोस. घर नको असेल तर विकून टाक, माझ्या मातीला येऊ नकोस. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्यावर माझं नाव कुठेही नाही. ती घेऊन उद्या जा. बाळ, हात जोडतो.

लिहून देणार: भरमू सातेरी पावशे

आमच्यासमोर वाचून सही केली:

१. डॉ. प्रियदर्शनी, उचगाव. चिठ्ठी मी लिहिली आहे. तपासणीला पाच मिनिटं लागतात.

२. मष्णू होनगेकर, निवृत्त शिपाई. दुपारच्या गाडीनं निपाणीला निघालो. सर गेले असं मी तोंडानं म्हणणार न्हाय. इचारलं तर गप ऱ्हाईन.

स्थळ: उचगाव
दिनांक: ९ डिसेंबर २०२५