कार्डामागचं कलम

ती. ताईस नमस्कार,

मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर. आईचा खोकला थांबला का?

आमचं काम तुला ठाऊकच आहे. जुन्या राजपत्रांत विखुरलेली कलमं कापून कार्डांवर चिकटवायची आणि विषयवार लावून सगळ्यांची एकच संहिता करायची. ती छापली, की जुने कायदे रद्द.

शनिवारी भाडेकरूंच्या कायद्यात एक कलम कमी भरलं. कचेरीतली वकील मंडळी मला हसली. "शास्त्रीबुवा, एका कलमानं आभाळ कोसळतंय होय?" मी त्या कायद्याची कार्डं वाफेवर धरून एकेक सोडवली. हरवलेलं कलम एका तुकड्याच्या पाठीवर छापलेलं होतं, डिंकाखाली! घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, एवढंच ते. तसंच राहतं, तर कायमचं गेलं असतं.

आता अकराशे कार्डांवरच्या तुकड्यांच्या पाठी तपासायच्या, म्हणून माझी सुट्टी दोन महिने पुढे गेली. रागावू नकोस.

आईला सांग, पदवीवाल्यांना दिसलं नाही ते तुझ्या लेकाला सापडलं. तो तुकडा कापणारी कात्री माझीच होती, हे साहेबांना मी सांगितलंय. आईला तेवढं कळू देऊ नकोस.

तुझा धाकटा