चौथ्या खांबावरचं वजन

३ मार्च, सोमवार

नांदेडहून मुखेडपर्यंत एसटी आणि पुढे कंपनीची जीप. हाडं खिळखिळी झाली, पण आज कशाचाच राग येत नाहीये. साताऱ्याच्या बाईला डोंगराचं काय कौतुक, असं वाटलं होतं. पण हा डोंगर वेगळाच आहे. उन्हाने भाजून तांबडा झालेला, माथ्यावर ताटासारखा सपाट, आणि त्या ताटात मधोमध हिरवळ, कारंजी, तीन मजली हॉटेल! खाली गेटजवळ पाण्याच्या घसरगुंड्या आणि एक सिमेंटचा डायनासोर. खालून वर यायला अकराशे मीटरचा रोपवे. सहा खांब, बारा केबिनी, एकीत आठ माणसं. इथले लोक त्याला ‘पाळणा’ म्हणतात. मला शब्द फार आवडला.

आराखडा माझ्या आधीच्या इंजिनिअरचा. ते मध्येच सोडून गेले. चाचण्या घेऊन सुरक्षिततेच्या दाखल्यावर सही करायची, एवढं माझं काम. पाडव्याला उद्घाटन. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदाच अख्खा रोपवे माझा आहे. मॅनेजर गुरुपादप्पा निलंग्याकडचे, बोलताना मध्येच कानडीत शिरतात. त्यांनी हार घालून स्वागत केलं. माझी खोली खालच्या स्टेशनाच्या वरच, तिच्या खिडकीतून खांबांची सगळी रांग दिसते. चौथा खांब बरोबर समोर.

६ मार्च, गुरुवार

हार फक्त मॅनेजरांनीच घातला, बाकी कुणाला मी आलेलं आवडलेलं नाही. गेटसमोरच्या टपरीवाल्याने मला बघून स्टोव्ह विझवला आणि दूध संपलं म्हणाला. दूध समोर पातेल्यात होतं. हापशावर बायका होत्या, मी जाताच घागरी अर्ध्या टाकून गेल्या.

गेटबाहेर बाभळीखाली एक बाई रोज सकाळपासून बसलेली असते. चतुराबाई. आज माझ्या हेल्मेटवर तिने मातीचं ढेकूळ मारलं. रखवालदाराने तिला काठीने ढकललं, ते मला बघवलं नाही. तो सांगत होता की, तिचा नवरा भुजंग इथे खड्डे खणायच्या कामावर होता, तो हैदराबादला दुसऱ्या कामावर निघून गेला, तेव्हापासून हिचं डोकं फिरलंय.

१० मार्च, सोमवार

पहिली चाचणी, रिकाम्या केबिनींची. खालून सुटताना प्रत्येक केबिनीचं वजन आपोआप घेतलं जातं, वर पोचल्यावर पुन्हा. रिकामी केबिन सहाशे वीस किलो. सगळ्या खालून सहाशे वीसच सुटल्या. नऊ नंबरची वर आली तेव्हा काट्यावर आठशे दहा.

वाटेत एकशे नव्वद किलो कुठून आले? मी स्वतः आत शिरून बघितलं. काही नव्हतं. फक्त आत फार गार होतं आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता.

यंत्र चालवणारा उमाशंकर मुखेडचाच. मी त्याला काटा तपासायला सांगितलं. काटा बरोबर हाय मॅडम, म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

१२ मार्च, बुधवार

काटा बदलला. केबिन बदलली. वाळूच्या गोण्या ठेवून सगळं मोजून घेतलं, ग्रॅमचा फरक नाही. मग केबिनी रिकाम्या सोडल्या आणि दुर्बीण लावून बसले. भर दुपार, वारा अजिबात नाही. पाच नंबरची केबिन चौथ्या खांबाशी आली आणि खाली दबली. थोडी. मग पुन्हा. मग पुन्हा. एसटीत माणसं चढताना पायरी दबते, अगदी तशी. तीन वेळा.

वर एकशे नव्वद जास्त.

१५ मार्च, शनिवार

गुरुपादप्पांनी आज हसणं बंद केलं. चौथ्या खांबाच्या पायाच्या कागदावर आधीच्या इंजिनिअरची सही नाही, ती मी करायची, असं म्हणाले. पाया जमिनीत गेलेला, मी न पाहिलेला. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, की पाडव्याला पाळणा फिरला नाही तर मला परत कुणीच कुठे काम देणार नाही एवढं ते बघतील, आणि साताऱ्यात माझी आई एकटी असते हेही त्यांना ठाऊक आहे.

मी सही केली. कारण लिहीत नाही. कारण नाहीच. घाबरले.

संध्याकाळी चाचणी. जास्तीचं वजन दोनशे चव्वेचाळीस.

१६ मार्च, रविवार

दोनशे चव्वेचाळीसातून एकशे नव्वद वजा केले तर चौपन्न. सकाळी हॉटेलच्या भटारखान्यात धान्याच्या काट्यावर उभी राहिले. आचारी टक लावून बघत होता.

चौपन्न.

१९ मार्च, बुधवार

स्टोअरमध्ये मजुरांच्या आरोग्य तपासणीची वही सापडली. भुजंग, एकसष्ट किलो. मारोती, अठ्ठावन्न. मकबूल, वेल्डर, एकाहत्तर.

एकशे नव्वद.

हजेरीच्या वहीत तिघांच्या नावापुढे नऊ ऑक्टोबरच्या सकाळची खूण आहे, संध्याकाळची नाही. त्यानंतर कधीच नाही. आणि त्याच दुपारी चौथ्या खांबाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतल्याची नोंद.

उमाशंकरला दोन्ही वह्या दाखवल्या. तो खुर्चीत बसला तो उठेचना. मग बोलला. दरड खचली होती. तिघंही खाली. उपसायला दोन दिवस लागले असते. “मकबूलचा आवाज येऊन राहिला होता, मॅडम. वरून सिमेंटचा ट्रक लावला तवाबी येऊन राहिला होता.”

मी दोन्ही वह्या उचलून खोलीवर आणल्या.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं लिहून काढलं. सही मागे घेतली, वह्यांची पानं जोडली. फोनला इथे रेंज नाही, वायफाय कालपासून बंद. पाकीट घेऊन बाभळीखाली गेले. चतुराबाईला सांगितलं, हे तहसीलदारांच्याच हातात दे. आत काय आहे तेही सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं.

“मला ठाऊक हाय त्यो कुठं हाय ते,” ती म्हणाली. “म्या का हैद्राबादेकडं तोंड करून बसलेय का इथं? पण तू सही कामून केलीस?”

तिने पाकीट पदराखाली घेतलं. जाता जाता म्हणाली, “कागद म्या देते. पण त्यांच्याशी तुझं तू बघ.”

२४ मार्च

पाकिटाचं काही कळलं नाही. बाभळीखाली कुणी नाही.

गुरुपादप्पांना वह्या गेल्याचं कळलंय. लॅपटॉप काढून घेतला. जीप नाही. गेटवर माणसं वाढली, मला बघून दोघं उभे राहतात. जेवण दाराबाहेर जमिनीवर ठेवतात, गार. भातात खडी होती. दात दुखतोय.

२६ मार्च

केबिनी बंद आहेत. वीज काढलेली. तरी चौथ्या खांबाशी एक केबिन डुलते आहे. वारा नाही. मी सकाळपासून तिच्याकडे बघतेय.

दुर्बिणीतून तिच्या काचेवर आतून हाताचे पांढरे ठसे दिसतात. सिमेंटचे. काल एक. आज—

मोजणार नाही.

२८ मार्च, दुपार

जाहिरातीचं शूटिंग, त्यासाठी वीज पुन्हा जोडली. हॉटेलात कामाला असलेल्या बायकांना नवी लुगडी नेसवून सात नंबरच्या केबिनीत बसवत होते. मी पायऱ्या दोन-दोन करत उतरले. ओरडले. कुणी ऐकेना. हाताला धरून एकेकीला ओढलं. शिव्या दिल्या मला. एकीने कानफटात मारली. आठही बाहेर. शेवटचीचा पदर बाकाला अडकला होता, तो सोडवायला मी आत—

दार लागलं. केबिन सुटली.

ही डायरी खिशात होती म्हणून लिहितेय.

पहिला खांब. दुसरा. केबिनीतल्या वॉकीटॉकीवर उमाशंकरला म्हटलं थांबव, मागे घे. तो म्हणतो बटण दाबून धरलंय, ऐकत न्हाई.

तिसरा.

चौथ्यावर थांबली. खाली चाळीस मीटर. माणसं मुंगीएवढी, सगळी वर बघतायत.

दबली. समोरच्या बाकाची गादी खोल गेली. कुणी नाही. दबली. माझ्या उजव्या हाताला. गार. ओल्या सिमेंटचा वास. घशात जातोय.

दोनच. तिसरा कुठे?

मी बोलले त्यांच्याशी. नावं घेतली. माफी मागितली. म्हटलं कागद गेलाय, तुमची नावं लिहिलीत मी, वर काढतील तुम्हाला. गाद्या हलल्या नाहीत.

उमाशंकर वॉकीवर रडतोय. विचारतो, मॅडम, दाराला बाहेरून लटकलाय तो कोण?

बाहेर काही दिसत नाही. ऊन फक्त. काचेवर एकेक बोट उमटतंय.

केबिनीचं दार आतून उघडत नाही. खटका बाहेर असतो. खटका

वाजला. फट पडली, वारा आत—

उजवीकडच्याने मनगट धरलंय, दाराकडे ओढतोय, मी बाकाचा दांडा सोडत नाही, मी दांडा सो