दोन मोटरी, दोन बोटं

अहो,

आज पाटकर वकिलांची गाडी परत आपल्या गाळ्यात आली. तीच ती, परदेशी, सहा सिलिंडरची, हिरवी. तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं. फोटोशी मी रोज बोलते, चहा ठेवला की पहिली हाक तुम्हालाच जाते. पण ही गोष्ट फोटोसमोर उभं राहून सांगायची हिंमत मला आजवर झाली नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली होती का हो? भोईवाड्यातली खोली आणि शिवडीचा गाळा, त्यापलीकडे तुम्ही मला कुठे सोडून गेलात! गेलात ते एकदाच.

सकाळी अकराला वकीलसाहेब स्वतः गाडी घेऊन आले. मला बघून पायातल्या चपलेकडे बघत राहिले. तुमच्या हाताखाली शिकलेल्या विलासनं पुढे होऊन विचारलं, काय झालं? "चढाला ओढत नाही. दोन गॅरेज फिरलो. कुणी हात लावत नाही जुन्या गाडीला," ते म्हणाले. शब्दन्‌शब्द मागच्या वेळचीच तक्रार.

तुम्हाला आठवतं ना, ही असली गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही मला डब्याच्या झाकणावर खडूनं काढून दाखवलं होतंत? इंजिन हवा आत घेतं त्या काळ्या डब्यात झडपा असतात. गाडी हळू असताना हवा लांबच्या वाटेनं, जोरात असताना जवळच्या. त्या झडपा फिरवायला दोन छोट्या मोटरी. एक पुढे, हाताला लागते. दुसरी मागे, खाली, बोटसुद्धा पोचत नाही. एक जरी अडकली तरी गाडी सपाटीला बरी चालते आणि चढाला मान टाकते. स्कॅनर काहीच सांगत नाही. किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. दोन्ही मोटरी क्षणभर कुरकुरून फिरतात. ती कुरकुर ऐकायची, एवढीच परीक्षा.

आणि तुम्हाला तर ऐकू येत नव्हतं.

मिलच्या साच्याखात्यात, मागांच्या खडखडाटात, सात वर्षं काढलीत, तिथेच कान गेले. गिऱ्हाइकाला कळू दिलं नाहीत. बहिरा मेस्त्री म्हटल्यावर गाडी कोण देणार? मी दुपारचा डबा घेऊन यायचे आणि तुमचा कान व्हायचे. कॉम्प्रेसर बंद, विलासचा रेडिओ बंद. तुमची बोटं पुढच्या मोटरीवर, रबरी नळीचं एक टोक मागच्या मोटरीजवळ, दुसरं माझ्या कानाला. मिलमध्ये त्या गोंगाटात माणसं बोटांनी बोलायची, तीच भाषा तुम्ही मला शिकवलीत. मागची वाजली की दोन बोटं, नाही वाजली की एक. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई दोन चहा सांगतेय. एकदा कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं खरंच दोन कटिंग आणून ठेवले होते, आठवतं? किती हसला होतात!

मला हसू यायचं बंद झालं ते त्या कानातल्या यंत्रावरून. मी तुम्हाला घेऊन गेले, तपासणी केली, यंत्र आणलं. तुम्ही ते सुपारीच्या डबीत ठेवून दिलंत. विचारलं तर म्हणालात, "तू आसस मगे माका यंत्र कित्याक?" तू असताना यंत्र कशाला, हे तुम्ही लाडानं म्हणालात, कळतं मला. पण एक दिवस माझं डोकं फिरलं. माझी आई केईएममध्ये दाखल होती, मला तिच्याकडे जायचं होतं, आणि तुम्ही निरोप पाठवलात की पाटकरांची गाडी आलीय, आधी इथे ये. मी भांड्यांची आदळआपट केली. मी काय तुमचा कान म्हणून जन्माला आले काय, असं ओरडले. तुम्हाला ऐकू आलं नसेल, पण तोंड दिसलंच असेल.

गाळ्यात आले ती फणफणत. नळी कानाला लावली. बाहेर गोदीचा ट्रेलर मागे घेत होते, त्याचं पीं पीं चाललं होतं. तुम्ही विलासला किल्ली फिरवायची खूण केलीत, माझ्याकडे बघितलंत, भुवया उंचावल्यात.

अहो, मी ऐकलंच नाही. वाजली की नाही, मला ठाऊक नाही. एकदाचं संपू दे, म्हणून दोन बोटं दाखवली आणि डबा ठेवून निघून गेले.

तुम्ही माझ्या बोटांवर विश्वास ठेवलात. मोटरी बऱ्या आहेत म्हणालात, दोष ठिणगीच्या कॉइलचा धरून त्या बदलल्यात. वकीलसाहेब म्हाताऱ्या आईला घेऊन गावाला निघाले आणि घाटातल्या वळणावर गाडीनं दम सोडला. मागे भरलेला ट्रक. गाडी हातभर मागे घरंगळली. कुणीतरी धावत येऊन चाकाखाली दगड घातला म्हणून निभावलं.

परत आल्यावर ते तडक गाळ्यात आले. तुमचं डोकं दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये होतं. त्यांनी मागून तीन हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत. तेव्हा त्यांना कळलं, आणि सगळ्या गल्लीला कळलं. "कान गेलेत तर गाळा बंद करा, मेस्त्री! माणसं मारायला बसलात काय?" तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत हात जोडलेत. "माझी चूक, साहेब," एवढंच म्हणालात. मी डबा हातात धरून चार पावलांवर उभी होते. एक शब्द बोलले नाही.

संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलंत, "शालन, मागची वाजली होती मा गो?" मी ताटात बघत मान हलवली. हो म्हटलं. तुम्ही आमटीत भात कालवत म्हणालात, "मगे माझोच हात चुकलो."

का हो असं विचारलंत? एकदाच का विचारलंत? दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही केस कापायला म्हणून बाहेर पडलात. त्यानंतर इंजिनाचं काम घेतलंच नाहीत. पंक्चर, ऑइल, ब्रेक. सहा महिन्यांत छातीत कळ आली आणि गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला कुणी काही विचारलं नाही.

तर आज. विलासनं स्कॅनर लावला. "ताई, एकदम क्लीन आहे. कायपण एरर नाय." वकीलसाहेबांनी सुस्कारा टाकला. मी म्हटलं, कॉम्प्रेसर बंद कर. विलास माझ्याकडे बघतच राहिला. खिळ्याला टांगलेली नळी मी काढली, साडीला पुसली. एक टोक मागच्या मोटरीजवळ धरलं, दुसरं कानाला. तेवढ्यात बाहेर टेम्पो आला. मी थांबले. तो जाईपर्यंत थांबले. मग विलासला म्हटलं, फिरव.

पुढची कुरकुरली. मागची गप्प. पुन्हा फिरव म्हटलं. गप्प. तिसऱ्यांदाही गप्प. मी एक बोट वर केलं. तुमच्या जागेकडे बघून केलं, हो. तिथे कुणी नव्हतं.

विलासनं दोन्ही मोटरी काढल्या. पुढची मोटर मागच्या वायरीला लावून बघितली, ती छान फिरली. म्हणजे वायर बरी. मागची पुढच्या वायरीला लावली, ढिम्म. उघडली तर आत तेलाचा काळा चिकटा. "घाटातनं आल्यावर गाडी दिली त्या दुसऱ्या गॅरेजनं जुनीच पुसून बसवलेली दिसतेय," विलास म्हणाला. म्हणजे तीच मोटर. माझ्या दोन बोटांची.

ती हातात घेऊन मी वकीलसाहेबांसमोर गेले. चहावाला उभा होता, शेजारचा वेल्डर उभा होता. बरंच झालं, त्या दिवशीही तेच होते. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी मेस्त्री चुकले नव्हते. मागची मोटर मी ऐकायची होती. मी रागात होते. न ऐकताच वाजली म्हणून सांगितलं. तुमची आई मेली असती तर ते माझ्या हातून." सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

वकीलसाहेब स्टुलावर बसले. "वहिनी," ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मेस्त्री कोर्टात आले होते. पायऱ्यांवर तासभर उभे होते. मला म्हणाले, 'साहेब, माझा कान घरात आहे आणि तुमची गाडी आली त्या दिवशी तो रुसला होता. आधी रुसवा काढायचा, तो न काढता मी तुमची गाडी हातात घेतली. चूक माझी, तिला कधी काही बोलू नका.' मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मी हाकलून दिलं त्यांना." आणि अहो, एवढा मोठा वकील, हातात ती तेलकट मोटर घेऊन रडला.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! संध्याकाळी मला विचारलंत तेव्हाच ठाऊक होतं. मी खोटं बोलले तेही ठाऊक होतं. आणि केस कापायला म्हणून गेलात ते केस तसेच वाढलेले घेऊन परत आलात, तेसुद्धा मी बघितलं नाही. इतकी मी रुसले होते. दुसऱ्याच्या समोर माझी बाजू घेऊन उभे राहिलात, मग माझ्याशीच का नाही भांडलात? भांडायला हवं होतंत. तुमच्यावर मी आजही रागावले आहे, आणि हा राग कुठे ठेवू ते मला कळत नाही.

सुपारीच्या डबीतलं यंत्र मी आज बाहेर काढलं. ते वेल्डरला देणार आहे, त्यालाही हल्ली कमी ऐकू येतं. नळी मात्र कुणाला देणार नाही. उद्या नवी मोटर येईल, विलास बसवेल. मी कॉम्प्रेसर बंद करीन, रस्ता शांत होईपर्यंत थांबीन, आणि दोन्ही ऐकल्याशिवाय दोन बोटं वर करणार नाही. कितीही रागात असले तरी नाही. ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही, असंच सांगीन.

रुसवा गेला हो माझा. जायला फार उशीर झाला.

तुमचा कान,
शालन