निनेथ नावाची बस

२४ ऑक्टोबर

आज पुन्हा तोच प्रकार. ला मेसियाच्या सीमेवर मेक्सिकोतून आलेले पाच-सहा परदेशी सॅकवाले चढले. त्यांतला एक लाल दाढीवाला आत शिरायच्या आधी गाडीसमोर उभा राहिला, काचेवरच्या नावाचा फोटो काढला. मग माझाही काढला. न विचारता! मी दारात उभी, एका हातात दांडी, दुसऱ्यात सुटे पैसे, तोंडानं वेवेतेनांगोचं "वेवे-वेवे-वेवे" चालू. ओरडलं नाही तर लोक दुसऱ्या गाडीत बसतात. यात फोटो काढण्यासारखं काय आहे देव जाणे.

आमचा क्लीनर गुमेर टपावर त्यांच्या सॅका बांधत होता. वरूनच म्हणाला, "हसा की जरा, वहिनी. जर्मनीत कुणाच्या तरी भिंतीवर लागणार आहात."

हसले नाही. हल्ली जमत नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर त्याला दोन शिव्या तरी घातल्या असत्या, आता रागही येत नाही. वेवेतेनांगोला पोचेपर्यंत गुडघा सुजला होता. दुखत मात्र नाही. तेही एक बरंच.

२५ ऑक्टोबर

काही नाही. दोन खेपा.

२७ ऑक्टोबर

नणंद येऊन गेली, रोमेलिया. मृतांचा सण जवळ आलाय – कबरी रंगवायच्या, झेंडू आणायचा, कोण काय करणार ते ठरवायचं. बोलता बोलता म्हणाली, "यंदा निनेथचाही फोटो ठेवू या. दोन वर्षं झाली, वहिनी. पोरीच्या जिवासाठी कुणी दिवा नको का लावायला?"

माझा नवरा, रोदिमिरो, ताटात मान घालून जेवत होता. निनेथ त्याचीही मुलगी. त्यानं निदान 'नाही' म्हणावं म्हणून मी वाट पाहिली. "बघू," म्हणाला.

मला फक्त एवढंच कळत होतं की शेगडीवरचा घेवडा करपतोय. उठून आच कमी केली.

२८ ऑक्टोबर

कामोहाच्या थांब्यावर गाडी भरायची आहे. मी नेहमीप्रमाणे पहिल्या सीटवर वही घेऊन बसलेय. आज वाटलं, सगळं एकदा लिहून टाकावं. कदाचित काही वाटेल.

गाडी घेतली तेव्हा निनेथ शाळेत जायला लागली होती. उत्तरेतून जुनी पिवळी स्कूलबस आणली, लाल-हिरवी रंगवली आणि समोरच्या काचेवर हे एवढं मोठं लिहिलं – निनेथ. इथं प्रत्येक गाडीवर कुणाच्या तरी मुलीचं नाहीतर बायकोचं नाव असतंच. माझंही आहे. डिझेलच्या टाकीवर, बारीक अक्षरात.

मोठी झाली आणि मेक्सिकोच्याही पलीकडं, उत्तरेला जायचं खूळ डोक्यात शिरलं. बापाशी रोज भांडण. शेवटी आमच्याच गाडीनं गेली. एक परदेशी पोरगी टपावर निळी सॅक विसरून गेली होती आणि न्यायला कधी आलीच नाही. ती हिनं पाठीला लावली, ढगळ फुलाफुलांची विजार घातली. म्हणाली, "सॅकवाल्यांना नाक्यावर कुणी अडवत नाही, आई. बघतेस ना रोज." आयुष्यभर त्यांच्यासोबत प्रवास केलेला – चालणं, बसणं, पाण्याची बाटली लटकवणं, सगळं उचललं होतं तिनं. मलाच क्षणभर ओळखू आली नाही.

ला मेसियाला मी खाली उतरले, रोदिमिरो स्टिअरिंग सोडून उठलासुद्धा नाही. खिडकीतून म्हणाला, "पोचलीस तर फोन कर. नाही पोचलीस तर तोंड दाखवू नकोस."

फोन आला नाही. वकिलातीत गेलो, उत्तरेच्या सीमेवरच्या निवाऱ्यांत फोटो पाठवले, वाळवंटात सापडलेल्या बिननावाच्या प्रेतांचीसुद्धा चौकशी केली. काही नाही.

लिहून झालं. काही वाटलं नाही. गाडी भरली.

३० ऑक्टोबर

दोन वेण्यांची एक सॅकवाली, गळ्यात गिटार. उतरताना मोडक्यातोडक्या भाषेत विचारते, "मावशी, गुडघा कसा आहे?" मी शिडीवर लंगडत चढताना दिसले असेन. म्हटलं, "तुझा कसा आहे?" खुदकन हसली, माझा हात घट्ट दाबला आणि मग तिचे डोळेच भरून आले. सॅकवाले असेच, कुणावरही प्रेम करतात. बसस्थानकावरच्या खरजुल्या कुत्र्यावरही करतात.

१ नोव्हेंबर

फोटो ठेवला. रोमेलियानंच ठेवला, सासऱ्यांच्या आणि सासूबाईंच्या मधे. शाळेच्या गणवेशातली निनेथ, भांग वाकडा. मेणबत्त्या, झेंडू. फिआंब्रेचं, सणाच्या भाज्या-मांसाच्या कोशिंबिरीचं, थंडगार ताट सगळ्यांबरोबर मीही खाल्लं, चव लागली नाही. रोमेलिया रडली. मला रडू आलं नाही म्हणून बायका माझ्याकडे बघत होत्या.

गुमेर दुपारी आला. टोपी काढली, एकेका फोटोपुढं मान झुकवत गेला. निनेथपाशी थांबला आणि टोपी परत डोक्यावर घातली.

"हिला नाही करणार, वहिनी. हिनं माझी चांगली टोपी पळवलीय. ती आधी आणून देऊ दे."

रोमेलिया त्याच्यावर वसकन ओरडली. मी त्याला दुसरं ताट वाढलं.

४ नोव्हेंबर

रोदिमिरो म्हणाला, "काचेवरचं नाव पुसून घेतो."

मी त्याचा शर्ट शिवत होते. शिवत राहिले.

"आतून ते उलटं दिसतं, ओती. दोन वर्षं तेच उलटं नाव डोळ्यांसमोर ठेवून घाट उतरतोय. फोटो तर ठेवलाच आता. मग गाडीवर कशाला?"

"आली तर गाडी कशी ओळखेल?"

"ती यायची नाही आता."

इतक्या दिवसांत हे कुणी सरळ म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता मी किंचाळेन. 'बटण कुठंय?' असं विचारलं मी.

७ नोव्हेंबर

रंगाऱ्यानं पातं घेऊन खरवडलं. आधी 'नि', मग उरलेलं. वेळ लागला नाही. त्या जागी 'देवाची कृपा' लिहिलं – रस्त्यावर दर दुसऱ्या गाडीवर आहे, आता आमच्याही. रंगाची सालं खाली पडली होती ती मी झाडून घेतली आणि पदपथावर टाकायच्याऐवजी एप्रनच्या खिशात घातली. का, विचारू नये.

 घाटात रोदिमिरोनं एकदा ब्रेक उशिरा लावला. लोक ओरडले.

८ नोव्हेंबर

गाडी तीच, खेपा त्याच.

९ नोव्हेंबर

"वेवे-वेवे" म्हणताना आवाजच फुटेना. टपावरून गुमेर ओरडला माझ्या वाटचं.

१२ नोव्हेंबर

ला मेसियाला एक उंच सॅकवाली उन्हात उभी होती. लालभडक झालेली. इतर गाडीवाले तिला हसत होते – आलेली प्रत्येक गाडी सोडतेय म्हणून. गुमेरनं तिची सॅक उचलायला हात लावला तर देईना.

"मला निनेथ नावाची गाडी हवीय," म्हणाली. "कालपासून बघतेय. येतच नाही."

मी विचारलं, कुणी सांगितलं.

"कोमितानला मी ज्या घरी उतरले होते तिथली पाहुण्यांची न्याहारी बनवणारी मुलगी. इकडं येणाऱ्या सगळ्यांना सांगते – त्याच गाडीनं जा. दारात आई असेल, तिचा गुडघा कसा आहे बघा, जमलं तर फोटो पाठवा. पण तिला काही सांगू नका. तू स्वतः का जात नाहीस विचारलं, तर म्हणते, मी पोचलेच नाही ना."

कोमितान! सीमा ओलांडली की दीड तास.

रोदिमिरोनं सगळं ऐकलं होतं. इंजिन बंद केलं. प्रवासी आरडाओरडा करायला लागले. त्या दिवशी उठला नव्हता, आज उडी टाकून उतरला. किल्ली गुमेरकडे फेकली आणि माझा हात धरून पलीकडे चालत सुटला. मागून गुमेर ओरडत होता, "माझी टोपी विसरू नका!"

हे कोमितानच्या गाडीत बसून लिहितेय. शेजारी रोदिमिरो रडतोय. माझा गुडघा भयंकर दुखतोय.