उलटी लागलेली पेटी

प्रिय चिंगे,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत तुझ्या चार ओळी आणि तुझ्या लेकीचं भलंमोठं पत्र. आईपेक्षा मुलगी बरी, निदान पानभर तरी लिहिते! हिमयुगं किती वेळा आली, किती काळ टिकली आणि पुढचं कधी येणार, असं तिने मावशीला विचारलंय. बावीस वर्षं मला ‘बर्फवाली’ म्हणून चिडवलंस, शेवटी बर्फवालीशीच गाठ पडली ना?

तर तिला सांग, मोठी हिमयुगं निदान पाच झाली, आणि एकेक कोट्यवधी वर्षं चाललं. पाचवं मात्र अलीकडचं, सव्वीस लाख वर्षांपूर्वी सुरू झालेलं, आणि ते अजून संपलेलं नाही. आपण त्यातल्या एका उबदार फटीत राहतोय. या हिमयुगात कडाका येतो, सरतो, पुन्हा येतो. आधी तो दर चाळीसेक हजार वर्षांनी यायचा. मग दहाएक लाख वर्षांपूर्वी काहीतरी बदललं. तेव्हापासून तो लाखभर वर्षांनी यायला लागला, पण आला की मुक्कामच ठोकायचा. मधली ऊब बहुतेक वेळा दहा-पंधरा हजार वर्षांची. आपली साडेअकरा हजारांची होऊन गेली. पुढचा कडाका कधी, ते माणसाने केलेल्या धुरामुळे आता कुणालाच नक्की सांगता येत नाही. पोरीला म्हणावं, तुझ्या पणतवंडांनाही काही होत नाही, खुशाल खेळ.

कामाचं म्हणशील तर गेल्या महिन्यात माझं चांगलंच हसं झालं. हिमथरातून खणून काढलेल्या बर्फाच्या मीटरभर लांबीच्या कांड्या आमच्या शीतखोलीत असतात, उणे छत्तीस अंशांत. मी त्या करवतीने कापून तपासणीला देते. आत जाताना आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला लावायचा, आणि वीस मिनिटांत बाहेर यायचं. बिल्ला त्यानंतरही तिथेच दिसला तर दारावरचे काका आत येऊन हाताला धरून बाहेर काढतात, वर अर्धा तास बोलतात. प्रत्येक कांडीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो. वरचा बर्फ नवा, खालचा जुना. मी तळाजवळच्या कांड्यांची एक अख्खी पेटी उलटी लावली. आलेख असा आला, की थंडी एका फटक्यात आली आणि हळूहळू गेली. साहेब आधी हरखले, मग बाण बघून माझ्याकडे बघतच राहिले. खरं त्याच्या बरोबर उलट असतं. थंडी हजारो वर्षं पावलापावलाने वाढते, आणि जाते ती झपाट्याने.

तो चुकीचा आलेख मी घरी आणून ओट्यावर ठेवलाय. तो बघितला की मला आई आठवते. ‘आई आज बंद आहे’ हे तूच म्हणायला लागलीस, पाच वर्षांची असताना. तेव्हा ती दोन-तीन दिवस बंद असायची, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. आपण दूध-पोळी खायचो, मी तुझी वेणी वाकडी घालायचे आणि तू भोकाड पसरायचीस. पुढे ती वर्षा-दोन वर्षांतून एकदाच बंद व्हायला लागली, म्हणून बाबांच्या जिवात जीव आला. पण एकेक खेप चार महिने, आठ महिने चालायला लागली. शेवटची दीड वर्षं चालली, आणि मग ती कालव्याकडची सकाळ. चपला घाटावर नीट जोडून ठेवल्या होत्या.

सगळ्यांना आपण एकच सांगत आलो, की काल-परवापर्यंत तर बरी होती हो. चिंगे, आपण पेटी उलटी लावली होती. तिने कुंड्यांना पाणी घालणं कितीतरी आधी सोडलं होतं. मग चहा अर्धाच प्यायची. मग कानातलं काढून ठेवलं. हाक मारली की आधी आपल्या तोंडाकडे बघायची आणि मग ओ द्यायची. एका फटक्यात व्हायचं ते तिचं बरं होणं. एखाद्या सकाळी उठून गुणगुणत भाजी चिरायला बसायची, आणि आपल्याला तेवढंच लक्षात राहायचं.

आता माझं ऐक. माझ्या खिडकीतली झाडं श्रावणातच वाळली. चहाचे अर्धे कप घरभर सापडतात. तुझा फोन वाजतो तेव्हा मी तो वाजताना बघत बसते. मंगळवारी दुपारी काकांनी मला शीतखोलीतून बाहेर आणलं तेव्हा पन्नास मिनिटं होऊन गेली होती. माझी छत्री बाहेर दिसली म्हणून ते आत आले. बिल्ला खिळ्यावर नव्हता, माझ्या खिशात होता. विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. बावीस वर्षांत मी तो एकदाही विसरलेले नाही. आणि मी खरंच विसरले का, ते मलाच ठाऊक नाही. आत थंडी वाजत नव्हती गं, फार बरं वाटत होतं. मला भीती वाटते. मी आज आईच्या त्या वर्षीच्या वयाची आहे. सुट्ट्या लागेपर्यंत थांबू नकोस. मला दवाखान्यात घेऊन जा, मी एकटीने दोनदा फाटकापासून परत आले. पाकिटात तळाशी बघ, माझा सात नंबरचा बिल्ला आहे. तो नसला की काका मला आत सोडणार नाहीत. तू तो तुझ्या दारामागच्या खिळ्याला लाव, आणि मला न्यायला ये. मी आत आहे.

तुझीच,
ताई