वर ठेवलेली गाठ

सिद्धे,

बाळासाठी शिवलेली गोधडी तू कपाटात कोंबलीस आणि "अपशकुनी आहे" हे जावईबापूंकडून कळवलंस. मारतहळ्ळीहून फोन करायला तुला तोंड नव्हतं?

हो, गोधडीवर माझ्या डोक्याच्या स्कॅनचंच चित्र आहे ते. फिल्म खिडकीला चिकटवून कापडावर गिरवलं. समोरच्या अक्कांना अक्रोड वाटला, छान म्हणाल्या. डॉक्टरांनी गाठ दाखवली तिथे मी लाल दोऱ्याची गाठ मारली. गोधडीची गाठ आत दडवतात, ही मी वर ठेवली. डावा हात बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही.

गुरुवारी डोकं उघडणार आहेत. नंतर तुझं नाव आठवेल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. गोधडी बाळावर घालणार की नाही, ते बुधवारपर्यंत तुझ्या तोंडानं सांग.

हे पत्र पाठवलंच मी, तर तुझीच,
आई